आमची वाटचाल: मुरमाच्या ट्रॉलीपासून हँगरच्या दारापर्यंत

हँगरचं, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडचं, सरकतं दार जुलैत अडकायचं आणि मार्चमध्ये आपोआप मोकळं व्हायचं. तीन पावसाळे हाच खेळ चालला होता. चाकं बदलून झाली, रूळ घासून झाला, ग्रीसचे डबे रिकामे झाले. शेवटी तिथल्याच एका वॉचमनने, घरची शेती असलेला माणूस तो, सांगितलं की दाराला काही झालेलं नाही, खालची काळी माती फुगतेय. मग आमचा फोन वाजला.

आमच्या कार्डावर तेव्हा ‘मुरूम, खडी, लेव्हलिंग, शेततळी’ एवढंच छापलेलं होतं. विमानाशी आमचा संबंध म्हणजे मान वर करून बघण्यापुरता.

धंदा आबांनी सुरू केला, एका ट्रॅक्टर-ट्रॉलीवर. विहिरी खणल्या की निघालेला मुरूम उचलायचा आणि कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्यात टाकायचा. मी डिप्लोमा अर्धवट सोडून आलो, पतसंस्थेच्या कर्जावर जुना जेसीबी घेतला आणि बापलेकांची भांडणं सुरू झाली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हा आमच्या मशीनला उसंत नव्हती. त्या पैशांत कर्ज फिटलं आणि एक रोलर आला. रोलरबरोबर चालवणारे मामाही आले. ते अजून आमच्याकडेच आहेत आणि माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त ऐकलं जातं.

रोलर आला म्हणून मी मोठी कामं धरायला लागलो आणि पहिल्याच मोठ्या कामात तोंडावर आपटलो. एका जिनिंग मिलचं आवार होतं. कापसाच्या गाड्या उभ्या राहतील असं मैदान करून द्यायचं होतं. काळ्या रानावर फूटभर मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला. असा चकाचक दिसत होता की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. आर्द्रा नक्षत्राच्या पावसात मुरूम खाली गेला आणि काळी वर आली. कापसाचा ट्रक आसापर्यंत रुतला. मालकाने बिल अडवलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही अडवलं असतं.

आबा एवढंच म्हणाले, “काळ्या रानात कुणी घर बांधतं का? गावं उगाच पांढरीवर वसलीत?” हे मला लहानपणापासून माहीत होतं. काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची. पण ते शेतीचं ज्ञान, धंद्याशी त्याचा काय संबंध, असं मला वाटायचं.

त्या अडकलेल्या बिलापायी मी जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांकडे मातीची पिशवी घेऊन गेलो. त्यांनी जे दाखवलं त्यावर आमचा पुढचा सगळा धंदा उभा आहे. काचेच्या दोन उंच नळ्या घेतल्या, शंभर मिलिलिटरच्या. वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून काढलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन्हींत टाकली. एकीत पाणी भरलं, दुसरीत रॉकेल. नीट ढवळून हवा काढली आणि म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती ११ च्या रेघेवर गप्प बसली होती आणि पाण्यातली २१ वर पोचली होती. रॉकेल मातीच्या कणांत शिरत नाही, पाणी शिरतं. म्हणजे माझी माती ९१ टक्के फुगत होती. पन्नासच्या वर गेलं की सावध व्हायचं, असं सर म्हणाले.

दख्खनचा काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पत्त्याच्या कॅटासारखं पापुद्र्यांचं असतं आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरून बसतं. उन्हाळ्यात निघून जातं, मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून कितीही मुरूम दाबा, खाली हा श्वासोच्छ्वास चालूच.

उपाय चुना. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, लोण्यासारखी माती काही तासांत रवाळ होते आणि पाणी धरायचं सोडते. पुढे महिनोन्‌महिने तिच्यातली सिलिका चुन्याशी जुळून हळूहळू सिमेंटसारखी घट्ट होत जाते. रस्त्यांसाठी याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने कधीच काढून ठेवली आहे, आयआरसी ५१. आम्ही आधी एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगवर हात साफ केला, मग दोन गोदामांच्या आवारांवर. जिनिंग मिलचं मैदानही निम्म्या पैशांत पुन्हा करून दिलं. त्या मालकानेच पुढे आमचं नाव विमानतळावर सांगितलं.

विमानतळ म्हणजे डोळ्यांसमोर मुंबई-पुणे आणू नका. एक धावपट्टी, वारा दाखवणारी पिशवी, दोन पत्र्याची हँगर आणि शिकाऊ विमानं. बारामती, धुळे, गोंदियाजवळचं बिरसी या नावांमुळे आपल्याकडे वैमानिक लहान गावांत घडतात हे आता लोकांना कळलंय. हे त्याच जातीचं, पण आणखी छोटं. नाव लिहीत नाही.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “विमानाचं वजन किती?” तिथले इंजिनिअर हसले. चार माणसांची सेसना भरून साधारण ११०० किलो. आमचा रिकामा ट्रॅक्टर तिच्या दुप्पट भरतो. तिथली सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंधनाचा टँकर, आणि त्याच्या चाकोऱ्यांनीच जमिनीची चाळण केली होती. विमानाची अडचण वजनाची नव्हती. त्याचा पंखा जमिनीपासून वीतभर, फार तर त्याहून दोन बोटं वर फिरतो. सुटा खडा असला की पंखा तो ओढून घेतो आणि पात्याला टवका पडतो. बोटाच्या नखाएवढा टवका त्यांनी मला दाखवला. तो कानशीने घासून गुळगुळीत केलेला होता, कारण तिथूनच तडा सुरू होतो. म्हणजे तीन वर्षं दर पावसाळ्याआधी कुणी ना कुणी तिथे जो मुरूम आणून टाकत होता, तो विमानांच्या मुळावरच येत होता.

त्या मुरमाने आणखी एक घोळ घातला होता. थरावर थर चढून हँगरसमोरची जमीन दारापेक्षा चार बोटं उंच झालेली. पाणी साहजिकच दाराकडे. बाजूंनी तर पन्हळच नव्हती. सहाशे चौरस मीटरचा पत्रा. एक इंच पाऊस पडला तर पंधरा हजार लिटर पाणी, म्हणजे आमचे तीन टँकर, पागोळ्यांतून थेट भिंतीच्या बुडाशी. पागोळ्यांनी कोरलेली चर स्पष्ट दिसत होती. आतली जमीन छपराखाली कोरडी, बाहेरची चिबड. मधली फरशी जागच्या जागी राहते आणि कडा वर-खाली होतात. दाराचा रूळ नेमका त्या कडेवर. मधोमध सव्वा इंच उचललेला होता.

मी कोटेशनमध्ये पहिल्या ओळीला पन्हळी, नळ आणि पक्की गटार लिहिली. कमिटीतले एक जण वैतागले. म्हणाले, जमिनीचं काम सांगितलं तर हे प्लंबिंग काय लावलंय? मी म्हटलं, साहेब, आढ्याचं पाणी वळचणीलाच येणार, ते उचलून नेलं नाही तर चुन्याचे पैसे मी घेतो पण पुढच्या वर्षी मला शिव्या द्यायच्या नाहीत. बराच खल झाला. शेवटी दोन्ही हँगरच्या समोरचं आणि आतल्या बाजूंचं काम मंजूर झालं, मागचं गाळलं. मागे कोण जातं, असं ठरलं.

आणि मग ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता ती समोर आली. विमानांची देखभाल करणारे इंजिनिअर चुना म्हटल्यावर एकदम उभेच राहिले. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं. ओला चुना ॲल्युमिनियम खातो. शेतात, रस्त्यावर आम्ही फक्की पसरायचो तेव्हा वाऱ्यावर पांढरा ढग उठायचा आणि आम्ही तोंडाला गमछा बांधून पुढे जायचो. इथे तो ढग पंखांच्या सांध्यांत जाऊन बसला, रात्री दव पडलं, की संपलंच. त्यांनी शांतपणे सांगितलं, “एक चिमूटही उडालेली चालणार नाही.”

दोन दिवस मी काम सोडायच्या विचारात होतो. शेवटी तोडगा मामांच्या तोंडून निघाला: फक्की उडते, कालवलेला चुना उडत नाही. चुना टाकीतच पाण्यात कालवून घ्यायचा आणि दुधासारखा करून टँकरने सोडायचा. गणित केलं. जागा १८०० चौरस मीटर, थर वीस सेंटिमीटरचा. चौरस मीटरला तीनशे किलो माती, तिच्या पाच टक्के म्हणजे १५ किलो चुना. एकूण २७ टन, २५ किलोच्या १०८० गोण्या. एप्रिलची कोरडी माती होती, तिला पाणी तर द्यायचंच होतं. तेच पाणी चुन्यासकट द्यायचं. कालवायची टाकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हँगरपासून लांब मांडली, गोण्या ताडपत्रीच्या आडोशाला फोडल्या आणि विमानं धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. चुना विरताना टाकीतून वाफा निघत. पोरांना चष्मे आणि हातमोजे सक्तीचे केले. एकाने ऐकलं नाही, त्याच्या मनगटावर फोड आले. नंतर सगळे ऐकायला लागले.

मिसळायला आम्ही ट्रॅक्टरचा रोटाव्हेटरच वापरतो. पहिल्या पट्ट्यात मी घाई केली. वरून सगळं एकसारखं राखाडी दिसत होतं. सरांनी दिलेली फिनॉल्फ्थॅलीनची बाटली खिशात होती. चुना पोचला असेल तिथे ती गुलाबी होते. मुठीएवढं ढेकूळ फोडून वर फवारा मारला. कडेला गुलाबी रिंगण आणि आत कोळशासारखी काळी. जांभूळ चिरल्यासारखं. चुना ढेकळाला नुसता रंगवून गेला होता. पट्टा पुन्हा फोडला, एक दिवस तसाच मुरवत ठेवला, परत रोटाव्हेटर घातला. दुसऱ्या फेरीला माती अशी मोकळी झाली की बोटांतून गळत होती. त्यानंतर प्रत्येक पट्टा दोन फेऱ्यांचा.

रोलर कधी फिरवायचा हाही वादाचा विषय होता. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९३३ साली मांडून ठेवलंय की प्रत्येक मातीचा एक ठरावीक ओलावा असतो, त्यालाच ती सगळ्यात घट्ट दबते. प्रयोगशाळेने आमच्या चुनामिश्रित मातीसाठी २६ टक्के सांगितला. आबा एक दिवस काम बघायला आले होते. वाकले, मूठभर माती दाबून लाडू केला, अंगठ्याने मोडला, दोन स्वच्छ तुकडे झाले. “वापसा आलाय, फिरव.” ओलावा मोजला तर २५ भरला. मामा तर खूश. मला मात्र मोजून घेतल्याशिवाय अजून राहवत नाही.

जाताना आबा पट्ट्यावर उभे राहून म्हणाले, “काळीची पांढरी केलीस की रे.” एवढंच. जिनिंग मिलनंतर कामाबद्दल ते पहिल्यांदा काही बरं बोलले.

दाराच्या रुळाखाली चुन्यावर भागलं नसतं. तिथे चार फूट खोल चर खणून सगळी काळी काढून टाकली आणि न फुगणारी, पण थोडी चिकट अशी मुरमाड माती थरांनी दाबून भरली. मुंबई आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी अशा थराची पद्धत बसवली. आम्ही तिचंच छोटं रूप केलं. कोरडा, नुसता खडबडा मुरूम यात चालत नाही, पाणी त्यातून आरपार खाली जातं. हवी तशी चिकट माती मिळवायला तीन खाणी धुंडाळल्या.

मधे वळवाच्या पावसाने एक पट्टा धुतला, त्याचा खर्च आमच्या अंगावर आला. बाकी खडीचा थर, त्यावर पेव्हर ब्लॉक, कडेला काँक्रीटचा पट्टा, दारापासून बाहेर उतार. डांबर का नाही, असं सगळे विचारतात. जमीन पुढेमागे हललीच तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. काळ्या मातीशी वागताना माघारीची वाट ठेवलेली बरी.

दहा टक्के रक्कम पावसाळाभर अडकून होती. जुलैत मी न सांगता दोनदा जाऊन दार ढकलून आलो. तिसऱ्यांदा वॉचमन म्हणाला, “मालक, आता मुकादमागत रोज येऊ नका, सरकतंय ते.” दिवाळीआधी पैसे मिळाले. त्या कामावर पुढे एका साखर कारखान्याचं हेलिपॅड आणि एका औषध कंपनीचं ट्रक टर्मिनल मिळालं. आज आमच्याकडे अकरा माणसं आहेत, दोन रोलर आहेत आणि कार्डावर ‘जमीन स्थिरीकरण’ असं लिहिलंय, जे आबांना अजिबात आवडत नाही.

यंदा परत तिथून फोन आला. हँगरच्या मागे, जिथे कोण जातं म्हणून काम गाळलं होतं, तिथे इंधनाचा टँकर वळवताना रुतला. ट्रॅक्टरने ओढून काढला. काल तिथली माती आणली, वाळवली, कुटली. सध्या माझ्या टेबलावर दोन नळ्या उभ्या आहेत, एकीत रॉकेल आणि एकीत पाणी. पाण्यातली सकाळी १५ वर होती, आता १८ च्या पुढे गेली आहे. उद्या सकाळी वाचून कोटेशन पाठवायचं आहे, आणि या वेळीही पहिल्या ओळीला पन्हळच असेल.