घटनादुरुस्ती कुठे अडकते?

‘घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागतं’ हे अर्धंच खरं. कलम 368 प्रत्येक सभागृहात दोन अटी घालतं: एकूण सदस्यसंख्येच्या (रिकाम्या जागाही धरून) निम्म्याहून जास्त मतं, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. लोकसभेत पहिली अट 272 मतांवर भागते. दुसरीचा आकडा त्या दिवशीच कळतो. सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठकीची सोय नाही. संस्थानिकांचे तनखे बंद करणारं विधेयक 1970 मध्ये राज्यसभेत बाजूने 149 आणि विरोधात 75 मतं असूनही पडलं, कारण 224 चे दोन तृतीयांश होतात 149.33! तनखे गेले ते पुढच्या वर्षी, 26व्या दुरुस्तीने.

खरी गोची मात्र राज्यांपाशी होते. सातवी अनुसूची (केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या याद्या), सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, राष्ट्रपतींची निवडणूक, खुद्द कलम 368, यांत बदल करायचा तर राष्ट्रपतींच्या संमतीआधी किमान निम्म्या, म्हणजे आज 28 पैकी 14 विधिमंडळांचं अनुमोदन लागतं. तिथे साधं बहुमत चालतं आणि मुदतही नाही.

पण ‘बदल’ कशाला म्हणायचं? 1951 मध्ये, जमीन सुधारणा कायद्यांना कोर्टातल्या आव्हानापासून वाचवणाऱ्या पहिल्या दुरुस्तीवरच्या शंकरी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, न्यायालयांचे अधिकार शाबूत आहेत, ते वापरायचे प्रसंग तेवढे कमी झाले. राज्यांना विचारायला नको. 1992 मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सूर बदलला. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतला सातवा परिच्छेद कोर्टाची दारं बंद करत होता. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना अधिकार देणाऱ्या कलम 136 किंवा 226 चं अक्षरही हललं नव्हतं, तरी परिणाम बदलतो म्हणून अनुमोदनाअभावी तो परिच्छेद रद्द झाला. आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांनी दिलेल्या निकालाला आज आव्हान देता येतं ते त्यामुळे.

इतका ठळक निकाल समोर असताना 97व्या दुरुस्तीत तीच चूक व्हावी, हे अजबच. 2012 पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने सहकारी संस्थांवर घटनेत नवा भाग घातला: जास्तीत जास्त 21 संचालक, पाच वर्षांची मुदत वगैरे. सहकार हा राज्यसूचीतला विषय (नोंद 32), तरी राज्यांना विचारलंच नाही. ‘नोंद जशीच्या तशी आहे’ हा केंद्राचा बचाव 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग गेला. बहुराज्यीय संस्थांपुरता 2:1 मतांनी वाचला.

महाराष्ट्राने 97व्या दुरुस्तीला धरून 2013 मध्ये आपल्या सहकार कायद्यात केलेले बदल मात्र या निकालाने आपोआप रद्द झाले नाहीत. तो विधिमंडळाने केलेला कायदा आहे, आणि त्यात फेरफार करायचा अधिकारही विधिमंडळाचाच.