चाकं आहेत, निघायचं नाही

बुधवार. आषाढाची झड लागलीय.

सकाळी तव्यावर धिरडं टाकलं तर ते सरळ उजव्या कडेला पळालं आणि तिथंच जाड होऊन बसलं. म्हणजे मागचा उजवा कोपरा परत खचला. आम्ही दोघं एका जागी उभ्या केलेल्या चाकांच्या ट्रेलरमध्ये राहतो, आणि तो वाकडा झाल्याची खबर आधी तव्याला लागते, मग दाराला. कडी काढल्यावर दार आपोआप उघडं पडायला लागलं की गवंड्याची लेव्हल-पट्टी शोधायची.

जमीन काळी. उन्हाळ्यात भेगेत अख्खा हात जातो, पावसात तीच माती फुगते आणि नंतर वजनाखाली लोण्यासारखी दबते. मुरूम, खडी सगळं टाकून झालंय, जॅकखाली जाड लाकडी ओंडके ठेवलेत. तरी पाण्याची टाकी ज्या बाजूला आहे ती बाजू दर पावसाळ्यात नखरे करतेच. बघायला येणाऱ्यांना वाटतं, कोपऱ्यातले चार पाय घर तोलून धरतात. ते पाय नुसते डुगडुग थांबवायला असतात. खरं वजन ॲक्सलवर आणि चासीखाली, म्हणजे खालच्या सांगाड्याखाली, टेकू म्हणून लावलेल्या घोड्यांवर. आमच्या ह्यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं, त्यामुळं हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बॉटल जॅकनं चासी उचलली, घोड्याखाली फळी सरकवली, बुडबुडा मधे आला, मग कोपऱ्यातला पाय फिरवून टेकवला. मी छत्री धरून उभी. दुपारचं धिरडं गोल आलं.

दूधवाला दादा रतीब घालून जाताना आजही विचारून गेला, "काय वैनी, कधी हलणार?" हा प्रश्न मला बुधगावात, तासगाव रस्त्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारला जातो. चाकं दिसली की माणसाला प्रवासच आठवतो. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा भावानं त्याची बातमी मला कौतुकानं पाठवली. त्यात सगळी फिरणाऱ्यांची सोय. एका जागी उभं राहून भाजी फोडणीला टाकणाऱ्यांचा कुणी विचार करायचं कारण नाही, आणि केला नाही त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

आमचा ट्रेलर अठरा फुटी, दुसऱ्याच्या हातून घेतलेला. खाली लोखंडी चासी, वर फायबरची पेटी, मधे फोम. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला बसायची जागा आणि मधल्या बोळात माझा ओटा. वर आता पत्र्याचं शेड घातलंय. त्यानं रूप गेलं हे खरं, पण शेड नसताना एप्रिलची दुपार आत काढून दाखवावी कुणीही.

"पूर आला की ट्रॅक्टर लावायचा आणि निघायचं, किती सोपं!" असं म्हणणारे नातेवाईक तर पुष्कळ. त्यांना मी हल्ली चहा देते आणि सगळं सांगते. टायर एकाच जागी वजन घेऊन उभे राहिले की बाजूनं चिरा पडतात, उन्हानं आणखी लवकर. म्हणून बरंचसं वजन घोड्यांवर आणि चाकांना ताडपत्री. बेअरिंगचं ग्रीस सुकतं. हलायचं म्हटलं तर टाक्या रिकाम्या करा, पाइप काढा, वीज तोडा, शेडचे दोन खांब उपटा. एवढं करून ट्रॅक्टर आणला, तर पावसात काळ्या रानात आधी ट्रॅक्टरच रुतणार. आणि पाणी काही सांगून येत नाही. आमच्या मागं पूर लागत नाही तो चाकांमुळं नव्हे, जागा उंचावर आहे म्हणून. ह्यात कौतुक असेल तर ते जमिनीचं आहे.

सांगलीत गावभागात भाड्यानं राहत होतो तेव्हा २००५ चं पाणी पाहिलं, २०१९ चं पाहिलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तर कपाटाचा प्लाय फुगून पानापानांनी उलगडलेला, आणि माळ्यावरची, चांगल्या दिवसांसाठी जपलेली भांडी तेवढी कोरडी. मी शाळेत शिकवायचे तिथल्या मुलांनी दिलेल्या कागदांचा लगदा झाला होता. गाळ काढायला आठवडे लागले, वास त्याहून जास्त दिवस राहिला. सांगली तशी साठवणुकीचंच गाव. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि २००५ च्या पुरानं त्या पेवांचीही वाट लावली. तिथं माझ्या माळ्याची काय कथा! २०२१ ला जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा मी ह्यांना म्हणाले, आता एवढंच ठेवायचं जेवढं डोळ्यांसमोर राहील.

सवय मात्र गेलेली नाही. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला किती फूट किती इंच, हे मी अजून रात्री फोनवर बघते. इथं पाणी येणार नाही हे माहीत असून बघते.

पाण्याचंच सांगायचं तर हे घर पाणी मोजून देतं. शंभर लिटरची टाकी. बोअरचा पाइप सरळ जोडून पाणी अखंड घेता येईल, हे मागं लागलेतही, पण मी टाकीच ठेवलीय. नळ सोडला की बारा व्होल्टचा पंप घुर्र करतो, आणि तो जास्त वेळ घुरघुरला की आपसूक हात नळाकडं जातो. मोरीचं पाणी केळीला आणि अळूला. मैल्याच्या टाकीचं गणित वेगळं. तिचा पाइप शोषखड्ड्याला जोडलाय, पण झडप बंदच ठेवायची. टाकी भरत आली की एकदम उघडायची. झडप कायम उघडी ठेवली तर नुसतं पाणी वाहून जातं, बाकीचं आत बसून दगड होतं. सगळ्या पाहुण्यांना हे सांगावं लागतं, आणि हे सांगायला मला अजूनही शब्द सापडत नाहीत. मग हेच सांगतात.

गेल्या दिवाळीत नणंदबाई आल्या होत्या. शेगडीखाली जमिनीलगत एक भोक आहे. तिथून मुंग्या येतात म्हणून त्यांनी त्यात चिंधी कोंबली, प्रेमानंच. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. सिलिंडर बाहेरच्या पिंजऱ्यात आहे, तरी ते भोक पाहिजेच. आता तिथं बारीक जाळी आहे आणि मुंग्यांसाठी हळदीची रेघ.

पावसाळ्यात आणखी एक काम, गादी रोज उभी करायची. दार-खिडक्या लावून दोघं झोपलो की सकाळी काचेला घाम आणि गादीच्या पोटाला ओल. डाळ शिजताना छताची हवेची झडप उघडली नाही तर भिंतीही गळायला लागतात. ज्यांना हे सगळं साधं, हलकं, मोकळं जगणं वाटतं त्यांनी एक श्रावण काढावा.

"साधेपणा" म्हणून कुणी पाठ थोपटली की मला तर ओशाळल्यासारखं होतं. दिवाळी झाली की समोरच्या रानात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बांबू आणि पाचटाच्या कोप्या, अर्ध्या दिवसात उभ्या. त्यांच्या गाड्यांना खरी चाकं असतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ती रोज फिरतात. शाळेत असताना त्यांची पोरं माझ्या वर्गात यायची. अर्ध्या वर्षात यायची आणि बेरीज हातच्याची शिकेपर्यंत जायची. एकीला मी विचारलं होतं, तुझं घर कुठं? तिनं बराच विचार करून विचारलं, "आत्ताचं का बाई?" तिच्या कोपीला कुणी साधेपणा म्हणत नाही. आमच्याकडं पेन्शन आहे, डोक्यावर पत्रा आहे, कंटाळलो तर भाड्याचा फ्लॅट मिळेल एवढी पुंजी आहे. ही आमची हौस आहे, आणि हौस म्हणूनच ती मला आवडते.

एका कचेरीत विजेच्या जोडणीसाठी गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, बांधकाम कुठाय? आम्ही फोटो दाखवला. ही तर गाडी, म्हणाले. दुसऱ्या टेबलावर ट्रेलरची नोंदणी दाखवली (ट्रेलरची नोंदणी ओढणाऱ्या गाडीपासून वेगळी असते, नंबरही वेगळा), तर म्हणाले, पण ही तर उभीच आहे. शेवटी शेडच्या खांबावर मीटर बसला.

आणि आज संध्याकाळचा विषय. ह्यांना बाजूला पक्कं न्हाणीघर बांधायचंय. आतल्या न्हाणीत कोपर भिंतीला लागतं हे मलाही मान्य. पण ह्यांनी कागदावर न्हाणीघर काढलं, त्याला लागून कपडे वाळत घालायला पडवी काढली, आणि मुलगी-जावई आले तर म्हणून पडवीला एक खोली. खोलीत कपाटही होतं. मी पेन्सिल घेतली आणि न्हाणीघराच्या पुढचं सगळं खोडलं. न्हाणी बांधा म्हटलं, चार बाय सहाची, आत एक खुंटी. माळा नको. हे म्हणाले, निदान एक फळी? ते अजून ठरायचंय.