स्मार्टफोन नसलेल्या आईसाठी स्टेप काउंटर घेताना

होळीच्या आधी अमळनेरला आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. साखर वाढलेली, गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती चालता?" आई म्हणाली, "मी काय बशी ऱ्हास का? दिनभर पाय चालूच ऱ्हातस." डॉक्टर मला म्हणाले, "तीन महिन्यांनी याल तेव्हा आकडा घेऊन या. अंदाज नको."

आई ७२ वर्षांची आहे. तिचा फोन बटणांचा, तोही देवघराजवळच्या फळीवर ठेवलेला असतो. वाजला की उचलायचा, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. स्मार्टफोन घेऊन द्या, असं सगळ्यांनी सुचवलं. पण जो फोन ती अंगावर बाळगणारच नाही, तो पावलं कशी मोजणार?

आधी माझाच जुना फिटनेस बँड तिच्या मनगटावर बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळण्याच्या भाकरी करायला बसली. मी समोरच होते. परातीपासून ती जागची हलली नव्हती, तरी चौथी भाकरी तव्यावर पडेपर्यंत बँडवर दोनशेच्या वर पावलं झाली. भाकरी थापताना हात एका लयीत हलतो, आणि बँडला ती चालच वाटते. उलट भाजीची पिशवी हातात घेऊन ती बाजारातून आली तेव्हा आकडा फारसा वाढला नव्हता, कारण तो हात हललाच नव्हता. शिवाय चार्जिंग संपून बँड बंद पडला की वेळ लावायला माझा फोन लागायचा, आणि मी जळगावला. बँडचा विचार तिथेच सोडला.

मग साधा पेडोमीटर, म्हणजे नुसती पावलं मोजणारं यंत्र, शोधायला लागले. जळगावच्या बाजारात जिथे विचारावं तिथे स्मार्टवॉच पुढे यायचं. एका दुकानात जपाचा काउंटर दाखवला, अंगठ्याने दाबायचा. प्रत्येक पावलाला बटण दाबत कोण चालेल! शेवटी ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला.

तो आतून स्प्रिंगवाला होता. अशा यंत्रात एक छोटी दांडी असते. पाऊल पडलं की ती खाली-वर होते आणि एक आकडा पुढे सरकतो. त्यासाठी यंत्र कमरेला अगदी सरळ उभं राहावं लागतं, जरा कललं की दांडी अडते. मी तो पर्समध्ये टाकून एसटीने अमळनेरला निघाले. धरणगाव येईपर्यंत बसच्या धक्क्यांनी त्यात सहाशेच्या वर पावलं चढली होती.

घरी परीक्षा आईनेच घेतली. जपमाळ हातात घेतली, पावलागणिक एक मणी ओढत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. माळ पूर्ण झाली, म्हणजे १०८ पावलं. यंत्रात ७१. "मन्ही माळ खोटी नही," ती म्हणाली. खरंच होतं. ती हळू चालते, गुडघ्यामुळे पाय फारसा उचलत नाही, आणि असा हलका धक्का त्या दांडीपर्यंत पोहोचतच नाही. वयस्कर माणसासाठी घेताना ही गोष्ट सगळ्यात आधी तपासायला हवी, असं मी आता प्रत्येकाला सांगते. आपण चालून पाहून उपयोग नाही. ज्याच्यासाठी घ्यायचं, त्याच्याच चालीने तपासा.

परत शोधताना मी फक्त तीन दिशांचा सेन्सर असलेलीच यंत्रं पाहिली. त्यांच्या जाहिरातीत 'थ्रीडी' लिहिलेलं असतं. ती आडवी, तिरपी कशीही असली तरी मोजतात. आकडे मोठे हवेत, रात्री बारा वाजता आपोआप शून्य व्हायला हवं, मागच्या सात दिवसांचे आकडे साठवायला हवेत आणि सेल गावात मिळायला हवा, एवढंच बघितलं. जो घेतला त्यात सीआर २०३२ हा बटणासारखा सेल आहे, आमच्याकडे घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो.

एका गोष्टीचा मात्र मी विचारच केला नव्हता. सगळ्या फोटोंत यंत्र पँटच्या पट्ट्याला लावलेलं. आई नेसते साडी. पट्टा नाही, खिसा नाही. पिशवीत घालून गळ्यात अडकवलं तर ते पदराखाली झोके घ्यायचं, माळेमागे ९४-९५ पावलंच यायची. निऱ्यांजवळ खोचलं तर बसताना टोचायचं. शेवटी डाव्या कुशीला, परकराच्या नाडीला चिमटा लावला आणि यंत्राची दोरी सेफ्टी पिनने परकरालाच अडकवली, म्हणजे कपडे भिजवताना बादलीत जायला नको. तिथे माळेमागे १०५ आली, पुन्हा चाललो तर १०७. आईने मान हलवली. पास.

सुरुवातीची काही पावलं यंत्र लगेच दाखवत नाही, हे मात्र तिला समजावून सांगावं लागलं. नुसतं वळलं, वाकलं की ते मोजलं जाऊ नये म्हणून यंत्र आधी सलग चालण्याची वाट बघतं, मग सगळं एकदम जमा करतं. ओट्यापासून दारापर्यंत तिची चार पावलं होतात, ती यात येतच नाहीत. दिवसभर घरात चालूनही पहिल्या दिवशी १,८०० च निघाली तेव्हा तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांना सलग चालणंच हवं आहे, असं मी सांगितलं.

पावलाची लांबी अंगणात खडूने रेघ मारून मोजली. दहा पावलांत ४ मीटर ६० सेंटीमीटर, म्हणजे पाऊल ४६ सेंटीमीटरचं. यंत्रात आधीपासून ७० होतं. ते तसंच ठेवलं असतं तर ३,००० पावलांचे २ किलोमीटर १०० मीटर दाखवले असते, खरे होतात १ किलोमीटर ३८० मीटर.

शेजारच्या काकूंनी तिच्या डोक्यात दहा हजारांचं भरवलं होतं. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या 'मांपो-केई' या यंत्राच्या नावातून आला, नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक राहिला नाही. आईचंच वय! डॉक्टरांना विचारून आम्ही हळूहळू चार हजारांपर्यंत जायचं ठरवलं.

रोज रात्री ती यंत्र काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायची, दुधाच्या खुणेशेजारी. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत, पहाटे साडेपाचला निघायची. आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा पदर बाजूला करून तिनेच दाखवलं, "आज चार हजार व्हई ग्यात."

मृगाच्या तोंडावर डॉक्टरांकडे गेलो, कॅलेंडरची पानं घेऊनच. त्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं आणि मे महिन्यात थांबले. चार दिवस हजाराच्या आत.

"इथे काय झालं, बरं नव्हतं का?"

"बिबड्या करी ऱ्हायंतू," आई म्हणाली. उन्हाळ्यातले ज्वारीचे पापड.