इन्व्हर्जन म्हणजे नक्की उलटतं काय?

साखर कारखान्यात ‘उसात इन्व्हर्जन झालंय’ म्हणतात, थंडीत हवामानवाले ‘इन्व्हर्जनमुळे धुरकं’ म्हणतात, योगाच्या क्लासात ‘आता इन्व्हर्जन करू’ म्हणतात. हे तिन्ही एकच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. शब्द एकच, उलटणारी वस्तू मात्र दर ठिकाणी निराळी. म्हणून शब्द कानावर आला की आधी विचारावं: इथे उलटलं काय?

सुरुवात साखरेपासून, कारण तिथे काय उलटलं ते डोळ्यांनी दिसत नाही. ऊस उलटत नाही, रस उलटत नाही, उलटतो तो प्रकाशाचा पीळ. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला की ते प्रतल उजवीकडे वळतं. साखरेच्या या वळणाचा ठरलेला आकडा +66.5 अंश. आम्ल किंवा इन्व्हर्टेज हे विकर साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज उजवीकडेच वळवतं, पण फ्रुक्टोज डावीकडे त्याहून जोरात ओढतं. त्यामुळे मिश्रणाचा आकडा साधारण −20 वर येतो. उजव्याचं डावं झालं, म्हणून इन्व्हर्जन. 1850 साली लुडविग विल्हेल्मी यांनी हा बदल किती वेगाने होतो ते याच वळणावरून मोजलं; रासायनिक क्रियेचा वेग मोजण्याच्या शास्त्राची सुरुवात तिथली.

कारखान्याच्या लॅबमध्ये ज्याला ‘पोल’ म्हणतात तो हाच आकडा. रस निवळून, गाळून 200 मिलिमीटरच्या नळीत भरतात आणि वळण वाचतात. इथे एक फसगत ठरलेली. तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडला की पाणी उडतं, रस दाट होतो आणि हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स चढलेला दिसतो. शेतकरी खूश होतो. पण ब्रिक्स रसात विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यातली स्फटिक होणारी साखर किती ते सांगत नाही. ती सांगतो पोल, आणि पडलेल्या उसातली साखर फुटत गेल्याने तो घसरलेला असतो. म्हणून तोडणीपासून 24 तासांत गाळप व्हावं असा आग्रह. जळीत ऊस याहून लवकर बिघडतो. 2025-26च्या हंगामाची एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला, क्विंटलमागे 355 रुपये होती आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. रिकव्हरी धरतात ती सगळ्या कारखान्याची सरासरी, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीबाहेर गाड्या तटल्या की ताज्या उसाचा मालकही त्यात भरडला जातो.

ताज्या उसाचा रसही मुळात आम्लच असतो, पीएच सव्वापाचच्या आसपास. तो तसाच तापवला तर साखर कढईतच फुटते. म्हणून कारखान्यात चुना घालून पीएच 7च्या जरा वर नेतात. गुऱ्हाळातला गुळव्याही काहिलीत चुन्याची निवळी घालतो. ती कमी पडली की गूळ मऊ, जास्त झाली की काळपट. शिळ्या उसाच्या गुळाचा रवा, म्हणजे दाणा, बसतच नाही. कितीही आटवा, लगदाच. पावसाळ्यात गूळ पाघळतो त्यामागेही ही फुटलेली साखरच, कारण फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं.

स्वयंपाकघरात मात्र हेच इन्व्हर्जन आपण मुद्दाम करतो. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते पाक साखरू नये म्हणून. थोडी साखर फुटली की उरलेलीचे स्फटिक नीट जुळत नाहीत. अर्धा किलो साखरेला एक लहान चमचा रस पुरे, पण तो पाक उकळताना घाला. गॅस बंद केल्यावर पिळलेलं लिंबू नुसतं आंबट करतं. बेकरीसाठी इन्व्हर्ट सिरप हवं असेल तर 1 किलो साखर, अर्धा लिटर पाणी आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड एकत्र करून उकळी आणा, मग मंद आचेवर 20-25 मिनिटं ठेवून 112 ते 114 अंशांवर उतरवा. उकळी आल्यावर ढवळायचं नाही. भांड्याच्या कडेला सुकलेला एक कणही आत पडला तर सगळा पाक त्याच्याभोवती साखरतो. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. आता उलट बाजू: रव्याच्या पाकातल्या लाडवांना साखर पुन्हा जमायलाच हवी असते, तिथे लिंबाचा हात आखडता घ्या.

हवामानातलं इन्व्हर्जन म्हणजे शाळेच्या पुस्तकातली ‘तापमानाची विपरीतता’. इथे चढता-उतरता क्रम उलटतो. एरवी वर जावं तशी हवा थंड होते, किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता फेकून देते, तिला टेकलेली हवा गार होते आणि ऊबदार थर वर राहतो. गार हवा जड, ती वर सरकतच नाही. पहाटे शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरला, की समजा वर झाकण बसलंय.

निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यात हे झाकण उपयोगी पडतं. पण एक मोठा जाळ करू नका. त्याची गरम हवा झाकण फोडून निघून जाते. लहान लहान, बऱ्याच जागी पेटवा. पहाटे बागेला पाणी दिलं तर ओली जमीन ऊब धरून ठेवते.

फवारणीत मात्र हेच झाकण घात करतं. ‘वारा अजिबात नाही, आता मारून घेऊ’ हा पहाटेचा विचार सगळ्यात महागात पडतो. बारीक थेंब खाली बसत नाहीत, वर जात नाहीत, तरंगत शेजारच्या शिवारात जातात. उसातल्या तणावर मारलेलं 2,4-डी द्राक्षाला लागलं की पानं पंख्यासारखी आकसतात. सूर्य वर येऊन तास-दोन तास होऊ द्या, मंद वारा सुटू द्या, नोझल जाड थेंबाचं लावा.

बाकीचे अर्थ झटपट. योगात उलटतं शरीर: शीर्षासन, सर्वांगासन. आपल्याकडे ‘विपरीत करणी’ हा नेमका शब्द असताना इन्व्हर्जन कशाला, हे मला कळत नाही. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, डोळ्यातला दाब बराच वाढतो. रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारून. हार्मोनिअमवर सा-ग-प ऐवजी ग-प-तार सा दाबलंत तर उलटला तो सुरांचा क्रम. इंग्रजी प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं, त्यालाही हेच नाव. मराठीत ‘तू कुठे चाललास’ म्हणताना काहीच हलवावं लागत नाही, म्हणून आपली मुलं ‘व्हेअर यू आर गोइंग’ म्हणतात. आणि घरातला इन्व्हर्टर? रेक्टिफायर एसीचं डीसी करतो, हा बॅटरीच्या डीसीचं एसी करतो. उलटं काम, म्हणून ते नाव.