मातीचा वर्ग, सहावा आठवडा : शेपट्या का गळाल्या

सातवीची मुलं वाडग्यांवरून प्राण्यांवर आली. नऊ मुलांचे नऊ प्राणी झाले आणि चार दिवसांत पाच प्राण्यांचे कान, पाय, शेपट्या गळून पडल्या. जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढले होते, मध्ये स्लिप (त्याच मातीची दाट रबडी) भरली होती, दाबूनही बसवलं होतं.

दोष निघाला वेळापत्रकात. धडं शनिवारी केली आणि उघडी ठेवली, पाय दुसऱ्या दिवशी ताज्या मातीचे वळले. धड आधीच आटलेलं, पाय अजून आटायचे. सांध्यावर ताण येणारच. मुलांना हे नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून प्रत्येकाला मातीची पट्टी लाटायला लावून तिच्यावर दहा सेंटीमीटरची रेघ मारून घेतली. वाळल्यावर ती ९.४ भरली. पट्टी हातात घेऊन एकीने आपणहून सांगितलं, "मग दोघांना एकदमच आटायला हवं." यापुढे सगळे भाग एकाच दिवशी करायचे, एकाच प्लॅस्टिकखाली चामड्याइतके घट्ट होऊ द्यायचे आणि मगच जोडायचे. जोडल्यावरही रात्रभर झाकून ठेवायचं. कान आणि शेपटी आधी सुकतात, त्यांच्यावर प्लॅस्टिकचा जास्तीचा तुकडा.

हत्ती मात्र भरीव होता. तारेने कापून दोन अर्धे केले, भिंत साधारण एक सेंटीमीटर राहील इतकं आतून कोरलं, पुन्हा जोडलं आणि पोटाखाली एक भोक ठेवलं. भट्टीत मूर्ती फुटते ती हवेच्या बुडबुड्याने, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. खरा दोषी आत अडकलेला ओलावा. शंभर अंशांला त्याची वाफ होते आणि जाड मातीतून तिला वेळेत बाहेर पडता येत नाही. म्हणून पहिल्या भाजणीत सुरुवातीचे तास अगदी मंद आंच. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान एकदम बदलतं, तिथेही घाई नको, चढताना नाही आणि उतरताना तर नाहीच. हजारच्या आसपास थांबायचं.

तुटलेले भाग फुकट गेले नाहीत. पूर्ण वाळलेला तुकडा पाण्यात टाकला की बघता बघता विरघळून बसतो, अर्धओला मात्र तासन्‌तास गोळाच राहतो. मुलं भांड्याभोवती वाकून हे बघत बसली, या आठवड्यातला मला सगळ्यात आवडलेला क्षण तोच. टेबल ओल्या स्पंजनेच पुसायचं, कोरडा झाडू बंद. मातीच्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाता कामा नये.

आठ प्राणी रविवारी भट्टीत जातील. हत्ती गालाला लावून पाहिला, पोटाकडे अजून गार लागतो, म्हणजे आत ओल आहे. तो पुढच्या भाजणीला.