कॉलेजची फुटबॉल टीम आणि गोलपोस्टची फाइल : माझा अनुभव

आपल्या कॉलेजात फुटबॉल सुरू करायचाय म्हणून नव्या जिमखाना सरांचे, म्हणजे कॉलेजातले खेळ सांभाळणाऱ्या शिक्षकांचे, मला अधूनमधून फोन येतात. पोरं कुठनं आणली, सराव कसा घेतला, हे सगळे विचारतात. गोलपोस्टचं बिल कुठल्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून काढलं, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. खरं काम तिथं आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, या लेखात फुटबॉल कमी आणि फाइल जास्त असणार आहे.

आमचं कॉलेज कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव, हे वेगळं सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. नावापुढं तालीम असली तरी शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला पेठाच्या पेठा लोटतात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण हा फुटबॉल मुख्यतः पेठांचा. शहराची हद्द सुटून ऊस सुरू झाला की कबड्डी, कुस्ती आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. मी जिमखाना सर म्हणून रुजू झालो तेव्हा जिमखान्याच्या कपाटात फुटबॉल होता, पण त्याचं ब्लॅडर गेलं होतं आणि रजिस्टरला तो ‘सुस्थितीत’ म्हणून चढवलेला होता.

टीम काढायची परवानगी प्राचार्यांनी चहा संपायच्या आत दिली. पैसे मागितले नाहीत तर परवानग्या लगेच मिळतात.

पोरं मिळवणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. कबड्डीत चढाईला जाणारं पोरगं विंगला चांगलं पळतं, कुस्तीतलं पोरगं डिफेन्सला उभं राहिलं की समोरचा विचार करूनच येतो. अडचण वेळेची असते. सकाळी डेअरीत दूध घातल्याशिवाय कुणी ग्राउंडवर येत नाही, म्हणून सराव साडेसहाच्या आधी लावायचा नाही. आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या लाइटचं वेळापत्रक आपल्या डायरीत हवं. शेतीची थ्री फेज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात निम्मी टीम रात्रभर उसाला पाणी पाजून आलेली असते. अशा पोरांना सकाळी स्प्रिंट मारायला लावणारा कोच मूर्ख. त्या आठवड्यात मी फक्त पासिंग आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर, फ्री किक वगैरे, घ्यायचो.

पालकांचं म्हणाल, तर त्यांचा एकच प्रश्न असतो : फुटबॉल खेळून काय मिळणार? सर्वांगीण विकास वगैरे बोलू नका. पोलिस भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात आणि मुलांना त्यातले २० एकट्या १६०० मीटरच्या धावण्याला, हे सांगा. हंगामभर नव्वद मिनिटं पळणाऱ्या पोराला १६०० मीटर म्हणजे काय! एका वडिलांनी हे ऐकून धाकट्यालाही पाठवला, तो अजून दहावीत होता.

कोचिंगचं मी जास्त लिहीत नाही. डी लायसन्सचा, म्हणजे फुटबॉल कोचसाठीचा सुरुवातीचा, कोर्स जरूर करा, कागदावर वजन येतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भलत्याच माणसाचा. अमेरिकेत मिनेसोटात सेंट जॉन्स नावाचं एक छोटं कॉलेज आहे. तिथं जॉन गॅग्लियार्डी यांनी १९५३ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे तब्बल ६० हंगाम, टीम सांभाळली. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन पळायचा. पण आधीच्या कॉलेजातले धरून ४८९ सामने जिंकले, तिकडच्या कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणीच जिंकलेले नाहीत. आणि सेंट जॉन्सचा गट असा, जिथं खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. सरावात शिट्टी नाही, टॅकल नाही, आणि पोरांनी त्यांना कोच म्हणायचं नाही, नुसतं जॉन म्हणायचं. आपल्याकडं पोरं सरांना नावानं हाक मारणार नाहीत, मारली तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मीटिंग लागेल. पण सरावात एकमेकांचे पाय मोडायचे नाहीत, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं. वीस-बावीस पोरांच्या टीमला एक गुडघा गेला तरी परवडत नाही.

आता फाइल.

गोलपोस्टशिवाय फुटबॉल होत नाही, हे आमच्या अकाउंट सेक्शनला पटवायला लागलं यावरून पुढचा अंदाज करा. मी रीतसर मागणीपत्र दिलं. तीन सीलबंद कोटेशन मागवली, लिफाफे खरेदी समितीपुढं फुटले, तुलनात्मक तक्ता झाला. तक्त्यात सर्वात कमी दराच्या कोटेशनला टिकमार्क. मी कोटेशन उघडून बघतो तर त्यात माप तीन बाय दोन मीटर. हे हँडबॉलचे पोस्ट. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. म्हणजे लोखंड कितीतरी कमी, मग दर कमी येणारच की!

मी अकाउंट सेक्शनच्या भाऊसाहेबांना म्हटलं, “भाऊसाहेब, हे हँडबॉलचं आहे.”

“सर, वर काय लिवलंय बघा. गोलपोस्ट. तुम्ही काय मागितलंय? गोलपोस्ट.”

“अहो पण माप?”

“मापाचा कॉलम तक्त्यात न्हाई. दराचा हाय. कमी दर सोडून जास्त दराचं घेतलं तर ऑडिटला उत्तर कोण देणार? तुम्ही?”

माणूस वाईट नव्हता. ऑडिटरचा एक शेरा निवृत्तीच्या कागदांपर्यंत पाठ सोडत नाही, ही त्याची भीती खरी होती. पण त्याच्या भीतीपायी माझी पोरं मेसकाठ्या रोवून आणि वर सुंभ बांधून सराव करत होती. सुंभाच्या वरून गेला की खालून गेला, यावर रोज भांडण.

फेरकोटेशन मागवली. या वेळी एकानं दर जीएसटीसह दिला, दुसऱ्यानं जीएसटी सोडून, तिसऱ्यानं वाहतूक वेगळी लावली. पुन्हा तक्ता नामंजूर. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं सगळ्यांपेक्षा स्वस्तात आणि माझ्या डोळ्यांदेखत काम करून द्यायची तयारी दाखवली, तर त्याच्याकडं जीएसटी नंबर नाही. एवढ्यात पावसाळा सरला.

एकदाचा बिनआक्षेपाचा तक्ता झाला आणि मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “सर, हे खांब जमिनीत सिमेंटनं गाडणार काय?”

“गाडायलाच पाहिजेत. नाहीतर पोराच्या अंगावर पडतील.”

“मग हे साहित्य न्हाई. हे बांधकाम.”

झालं. जिमखाना फंडातून बांधकाम करता येत नाही. बांधकामाचा विषय महाविद्यालय विकास समितीपुढं न्यावा लागतो. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असं कायदा सांगतो, आणि नेमकी त्या महिन्यातली बैठक आदल्या आठवड्यात होऊन गेलेली. पुढच्या बैठकीत आमचा विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त टाकला गेला, आणि ऐनवेळचे विषय येईपर्यंत सदस्य जेवायला उठले. मी बाहेर व्हरांड्यात बसून होतो. शिपाईमामा जिलबीचं ताट घेऊन आत गेले तेव्हाच मला कळलं की आज काही होत नाही.

यातून वाट दाखवली ती त्या बिगरजीएसटीवाल्या फॅब्रिकेटरनं. तो म्हणाला, “सर, खांब गाडायचाच कशाला? पाच इंची पाइपचा दोन फुटी तुकडा तेवढा गाडा. त्यात चार इंची खांब वरनं बसतोय. पाहिजे तवा काढा.” जमिनीत गाडायचे ते तुकडे त्यानं स्वतःच्या भंगारातले दिले, खड्डे आमच्या एनएसएसच्या पोरांनी श्रमदानात काढले. आता खांब काढता-घालता येतो, म्हणजे तो साहित्य झाला. साहित्य म्हणजे डेडस्टॉक, रजिस्टरला चढणारं टिकाऊ सामान. डेडस्टॉक म्हणजे जिमखाना. भाऊसाहेबांनी फाइलवर सही केली आणि पहिल्यांदा हसले. अर्थात प्राचार्यांच्या टेबलावर ती फाइल पुढं किती दिवस पडली असती कोण जाणे, पण नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीची तारीख लागली आणि क्रीडासुविधांचे फोटो हवे होते, त्यामुळे चेक चार दिवसांत निघाला. तुमच्याकडं नॅक जवळ आली असेल तर सगळ्या मागण्या आत्ताच टाका, हे मी पोटतिडकीनं सांगतोय.

सॉकेटचा, म्हणजे त्या गाडलेल्या तुकड्याचा, आणखी फायदा असा की ग्राउंडवर एनसीसीची परेड असो, कुणाची सभा असो, खांब उचलून भिंतीला टेकवायचे. फक्त सॉकेटच्या तोंडाला लाकडी गुट्टा घट्ट ठोका. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एका रात्रीत आत चिखल भरतो आणि मग पोरं कोपरापर्यंत हात घालून तो काढत बसतात.

हे लिहिताना आठवलं : पाइप बाजारात साधारण सहा मीटरचा मिळतो आणि आडवा दांडा लागतो सव्वासात मीटरहून जास्त. म्हणजे जोड येणारच. नुसत्या वेल्डिंगवर सोडलात तर वर्षभरात दांडा मधे झोळ खातो. जोडाच्या आतून स्लीव्ह, म्हणजे आत बसणारा पाइपचा तुकडा, घालून घ्या, आणि वेल्डिंग चालू असताना तिथं उभे राहा. खांब आणि दांडा एकाच जाडीचे हवेत आणि ती जाडी १२ सेंटिमीटरच्या वर नको, हा खेळाचा नियम आहे. चार इंची पाइप त्यात बसतो. जाळ्यांचं बिल वेगळं करू नका, जाळी ‘उपभोग्य वस्तू’त धरतात आणि तिचं हेड निराळं. पोस्टसोबतच मागा.

एलिजिबिलिटी फॉर्मचं लिहायचं राहिलंच. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट असते, १ जुलैला २५ च्या आत. शिक्षणात खंड पडलेला चांगला खेळाडू असेल तर त्याचे कागद ऑगस्टमध्येच बघून ठेवा. बारावीचं मार्कशीट, आयकार्ड, फोटो प्रत्येकाचे वेगळ्या पाकिटात आणि पाकिटं तुमच्या कपाटात. पोरांकडं ठेवली की ती ट्रॅक्टरच्या डिकीत सापडतात.

पहिल्या झोनलला, म्हणजे विद्यापीठाच्या एका झोनमधल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, शहरातल्या कॉलेजनं आम्हाला धुतलं. त्यांची पोरं चालता येऊ लागल्यापासून पेठेत खेळणारी. आमच्या गोलकीपरनं खऱ्या जाळीचा गोल त्याआधी फक्त टीव्हीवर बघितलेला, तो दांड्याला हात पुरतोय का हे वॉर्मअपमध्ये उड्या मारून बघत होता. स्वतःचे पोस्ट उभे राहिल्यावर मात्र फरक पडला. कोन कळायला लागले, कॉर्नरवर पोरं जागेवर उभी राहायला लागली. पुढं आम्ही इंटरझोनलला पोचलो आणि आमचा एक लेफ्ट बॅक विद्यापीठाच्या टीममधून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळून आला. ब्लेझर घालून तो आधी घरी नाही, गोठ्यात गेला, म्हशीची धार काढायची वेळ झाली होती. एवढ्याशा कॉलेजातून हे झालं याचा मला माज आहे, आणि तो मी लपवत नाही.

दरवर्षी मार्चमध्ये डेडस्टॉकची तपासणी होते. आडव्या दांड्यावर लाल रंगात नंबर टाकलाय. भाऊसाहेब रिटायर झाले, पण त्यांच्या जागी आलेल्या मॅडमसुद्धा ग्राउंडवर येऊन खांब मोजून जातात : उभे चार, आडवे दोन.

तर फोन करण्याआधी मागणीपत्रात पुढचा मजकूर जसाच्या तसा घाला. “फुटबॉल गोलपोस्ट, एक जोड. आतील रुंदी ७.३२ मीटर, जमिनीपासून आडव्या दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत उंची २.४४ मीटर, शिवाय सॉकेटमध्ये बसण्यासाठी प्रत्येक खांबाची दोन फूट जादा लांबी. चार इंची जीआय पाइप, बी क्लास, जोडास आतून स्लीव्ह. सॉकेटमधून काढता-घालता येणारे, पांढरा ऑइलपेंट, जाळ्या व हुकांसह. दर जीएसटी व वाहतुकीसह द्यावा. हँडबॉल गोलपोस्टचे दर विचारात घेतले जाणार नाहीत.”