वीर्यात रक्त दिसलं तेव्हा

मी डिचोलीचा, वय ४५. वीर्यात तांबूस रंग दिसला आणि काळजात धस्स झालं. बायकोला सांगितलं; तिनंच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जायचं ठरवलं. आमच्याकडे पुरुष असलं काही बोलतच नाहीत, आत कुढत बसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं: लघवीतून रक्त जातं का? ताप, जळजळ? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? रक्तदाबही मोजला, कारण तो खूप वाढला तरी असं होऊ शकतं. मग लघवीची तपासणी, गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) तपासणं (अवघडायला होतं, पण पटकन उरकतं) आणि चाळिशी उलटलेली म्हणून पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी.

बहुतेक वेळा कारण साधं असतं: प्रोस्टेटची किंवा वीर्यकोशाची सूज, जंतुसंसर्ग. कित्येकदा कारण सापडतच नाही आणि रक्त आपोआप थांबतं. कर्करोग क्वचितच निघतो. माझ्या बाबतीत संसर्ग निघाला, अँटिबायोटिक सुरू झालं. पुढे रंग तपकिरी झाला. ते जुनं रक्त, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही. पुन्हा दिसलं तर सोनोग्राफी करू, म्हणालेत.